बालकांच्या भावना आणि संस्कृतीचा संस्कार : पालि साहित्याच्या आधारे एक विचार

श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडून त्यांना त्रास देत होती. भिक्षाटनासाठी निघालेल्या तथागतांच्या दृष्टीस ती पडली. 'उदान' या ग्रंथातील कुमारक सुत्तात हा प्रसंग आला आहे. तथागतांनी मुलांना प्रथम एक साधा प्रश्न विचारला. तुम्हांला दुःखाचे भय वाटते काय, दुःख तुम्हांला अप्रिय आहे काय, असा तो प्रश्न होता. मुलांनी होकार दिला. त्यानंतर उपदेश आला.

या लहानशा सुत्तात बालमानसाविषयीचा एक मोठा सिद्धांत दडलेला आहे. ती मुले जन्मतः क्रूर नव्हती. दुःख काय असते हे त्यांना ठाऊक होते. परंतु स्वतःचे दुःख आणि माशाचे दुःख यांना जोडणारा धागा त्यांच्या मनात अद्याप कोणी ओवलेला नव्हता. तथागतांनी तो ओवला. वेदना निसर्गाने दिली आहे. त्या वेदनेचा अर्थ मात्र भोवतालचा समाज शिकवितो. मूल कोणत्या गोष्टीला भ्यावे, कशाची लाज बाळगावी, कोणाच्या दुःखाने कळवळावे आणि कोणाचे दुःख पाहून हसावे, हे सारे ते ज्या संस्कृतीत वाढते तिच्याकडून उचलते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा पालि साहित्य, आधुनिक मानसशास्त्र आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातील जीवन यांच्या साहाय्याने विचार करावयाचा आहे.

'भावना' आणि 'संस्कार' : दोन शब्दांचा इतिहास

मराठीत आपण 'भावना' म्हणतो तेव्हा आपोआप मनात उठणारी ऊर्मी आपल्याला अभिप्रेत असते. भावना दाटून येतात, अनावर होतात, दुखावल्या जातात. पालि भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. 'भवति' म्हणजे होते. 'भावेति' म्हणजे होऊ देतो, घडवितो, वाढवितो. म्हणून पालि 'भावना' म्हणजे जाणीवपूर्वक केलेली मनाची मशागत. मेत्ता-भावना ही मनात आपोआप उठणारी लाट नव्हे. शेतकरी जसे रान तयार करतो, बी पेरतो, निंदण करतो, तसे करुणा आणि मैत्री यांचे मनात केलेले ते संवर्धन आहे.

इंग्रजीत ज्याला इमोशन म्हणतात त्याला पालि भाषेत नेमका एक प्रतिशब्द नाही. सुखद, दुःखद आणि तटस्थ अनुभवाला 'वेदना' म्हटले आहे. द्वेष, ईर्ष्या, पश्चात्ताप, करुणा, मुदिता यांची गणना 'चेतसिकां'त केली आहे. थेरवादी अभिधम्म परंपरेने एकूण ५२ चेतसिके मानली. त्यांपैकी वेदना आणि सञ्ञा ही दोन वगळता उरलेली ५० सङ्खारस्कंधात येतात. 'सङ्खार' म्हणजे अनेक कारणांनी मिळून रचलेले आणि पुढे रचत जाणारे. मराठीतील 'संस्कार' हा त्याच कुळातला शब्द. परंतु परंपरेने त्याला विधीच्या चौकटीत बसविले. मुलाचे जावळ काढले, कान टोचले, की संस्कार झाला, अशी समजूत रूढ झाली. पालि दृष्टीने पाहिले तर संस्कार रोज घडतो. तो आईच्या स्वरातून, बापाच्या कपाळावरील आठीतून, शिक्षकाच्या नजरेतून घडतो. द्वेष काय किंवा करुणा काय, दोन्ही सङ्खार आहेत; म्हणजेच दोन्ही घडविल्या जातात. जे घडविले जाते ते बदलताही येते, हा या विचारातील आशेचा भाग होय.

बालकाच्या वाढीचे पालि चित्र

मज्झिम निकायातील महातण्हासङ्खय सुत्तात गर्भधारणेपासून तारुण्यापर्यंतच्या वाढीचे क्रमवार वर्णन आहे. जन्मलेल्या बालकाचे पोषण आई आपल्या रक्ताने, म्हणजे दुधाने करते. इंद्रिये परिपक्व होऊ लागली की ते खेळू लागते. सुत्तात खेळांची यादीच दिली आहे : लहानसा नांगर, विटीदांडूसारखा खेळ, कोलांट्या उड्या, भिरभिरे, पानांची मापे, लहान गाडी, लहान धनुष्य. यादी वाचताना वाटते की सारे खेळ मोठ्यांच्या जगाच्या छोट्या प्रतिकृती आहेत. नांगर शेतकऱ्याचा, माप व्यापाऱ्याचे, धनुष्य योद्ध्याचे. मूल खेळते तेव्हा ते आपल्या समाजाची तालीम करीत असते.

त्यानंतर सुत्त सांगते की, हेच मूल मोठे होऊन रूप, शब्द, गंध इत्यादींच्या संपर्कात येते. प्रिय वस्तूला चिकटते, अप्रिय वस्तूला झिडकारते आणि तेथून तृष्णेची साखळी सुरू होते. महामालुङ्क्य सुत्तात आणखी एक सूक्ष्म निरीक्षण आहे. उताण्या निजलेल्या तान्ह्या बाळाला 'मी' अशी कल्पनाही नसते. परंतु त्या कल्पनेचा 'अनुसय', म्हणजे सुप्त कल, त्याच्यात असतो. आधुनिक भाषेत सांगावयाचे तर क्षमता जन्मजात, आकार संगोपनाचा. बी आणि माती यांचा वाद पालि परंपरेने असा मिटविला आहे.

चेहरा वाचणारे मूल

समाज बालकाच्या मनात नेमका कोणत्या दाराने शिरतो? मधुपिण्डिक सुत्तात अनुभवाची साखळी सांगितली आहे. इंद्रिय, विषय आणि विज्ञान यांच्या एकत्र येण्याने स्पर्श घडतो, स्पर्शातून वेदना, जे वेदिले त्याची सञ्ञा, म्हणजे ओळख, ओळखीतून वितर्क आणि वितर्कातून प्रपंच, म्हणजे कल्पनांचा पसारा. या साखळीतील 'सञ्ञा' ही कडी संस्कृतीचे प्रवेशद्वार आहे. समोर असलेल्याला काय म्हणून ओळखायचे, हे मूल मोठ्यांकडून शिकते.

१९८५ साली अमेरिकेतील सोर्स, एम्डे, कॅम्पोस आणि क्लिनर्ट या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक वर्षाच्या बालकांना अशा मंचावर ठेवले की ज्याच्या मधोमध जाड काचेखाली खोली दिसत होती. पलीकडे आई उभी होती. पुढे जावे की न जावे, या संभ्रमात बालके आईच्या चेहऱ्याकडे पाहात. आईचा चेहरा प्रसन्न असताना १९ पैकी १४ बालके ती 'दरी' ओलांडून गेली. आईच्या चेहऱ्यावर भय असताना १७ पैकी एकही गेले नाही. काच तीच, खोली तीच; फरक आईच्या चेहऱ्याचा होता. शब्द कळण्यापूर्वीच मूल चेहऱ्यावरून जगाचा अर्थ लावते, हे यातून दिसून आले.

हे वाचताना मला मसूरचे रेल्वे स्थानक आठवते. १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले होते. नीटनेटक्या कपड्यांतील मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करू लागला. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. पुढील प्रवासात पिण्यास पाणी मिळाले नाही. पाण्यावाचून जवळचे अन्नही खाता आले नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हा प्रसंग सविस्तर नोंदविला आहे. शाळेत आपल्याला शिवत नाहीत, न्हावी आपले केस कापत नाही, हे त्यांना त्यापूर्वीही माहीत होते. परंतु या प्रसंगाने त्या माहितीची जखम झाली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्या पालटलेल्या चेहऱ्यात समाजाने त्याला दिलेली ओळख वाचावी लागली. काचेखालील दरी भासमान असते; ही दरी समाजाने खरोखर खणलेली होती.

एकच झाडू, दोन वेदना

आपल्या जिल्ह्याला शिक्षणाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम, म्हणजेच वर्धा शिक्षण योजना पुढे आली. हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र मानावे, हात आणि बुद्धी यांची फारकत संपवावी, हा तिचा गाभा. सेवाग्राम आश्रमात सफाईचे काम सर्वांनी करावे असा दंडक होता. श्रमाविषयी तुच्छता बाळगणाऱ्या समाजात हे पाऊल मोलाचे होते, हे मान्य करावयास हवे.

परंतु बालमानसाच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उरतो. ज्याच्या घराण्यात कोणी कधी झाडू धरला नाही अशा मुलाने झाडू हाती घेतला तर त्याचा अहंकार गळतो. त्याला नम्रतेचा, क्वचित धन्यतेचा अनुभव येतो. ज्याच्या बापाच्या आणि आज्याच्या हाती झाडू जन्माने दिलेला होता, त्या मुलाला तोच झाडू हाती घेताना काय वाटेल? कृती एकच, स्पर्श एकच. परंतु सञ्ञा निराळी, म्हणून वेदना निराळी. एकाला जो धडा वाटतो तो दुसऱ्याला आठवण वाटतो. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले, ही नोंद आपण अभिमानाने वाचतो. पण दार 'उघडले गेले' या शब्दांत ते आजवर बंद होते हेही सांगितलेले असते, आणि मुले हे न सांगितलेले फार लवकर ऐकतात.

म्हणून संस्कृती मुलाच्या भावना घडविते असे म्हणताना 'कोणाची संस्कृती आणि तीत या मुलाचे स्थान कोणते' हा प्रश्न सोडून चालत नाही. एकाच गावात दोन मुलांना दोन वेगळी भावविश्वे मिळू शकतात.

अन्य समाजांतील साक्ष

भावना सर्वत्र सारख्या की समाजागणिक वेगळ्या, हा मानसशास्त्रातील जुना वाद आहे. पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांत संशोधन केले आणि आनंद, दुःख, क्रोध, भय इत्यादींच्या मुद्रा सर्व मानवांत बऱ्याच अंशी समान असल्याचे मत मांडले. त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. मात्र कोणती भावना कोठे दाखवावी आणि कोठे झाकावी याचे नियम प्रत्येक समाजाचे वेगळे असतात, हे एकमन यांनाही मान्य होते. जीन ब्रिग्ज या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात उत्तर कॅनडातील उत्कू इन्युइट लोकांत राहून अभ्यास केला. त्यांच्या निरीक्षणानुसार तेथे प्रौढाने रागावणे हे पोरकटपणाचे लक्षण समजले जाई. लहान मूल रागावले तर त्याला अजून समज आली नाही एवढेच मानीत. मुलावर ओरडण्याची रीत जवळजवळ नव्हती.

आपल्या विषयाच्या अधिक जवळचे संशोधन नेपाळचे आहे. पामेला कोल आणि त्यांच्या नेपाळी सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांतील ब्राह्मण आणि तमांग समाजांच्या मुलांचा अभ्यास केला. तमांग हे बौद्ध परंपरेचे लोक. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन ते पाच वर्षांचे मूल रागावले असता तमांग वडीलधारी त्याला दटावीत. परंतु ते लाजले, ओशाळले तर त्याला समजावीत, जवळ घेत. ब्राह्मण घरांत याच्या उलट दिसले. मुलाच्या रागाकडे लक्ष देऊन त्याची समजूत काढली जाई आणि लाजण्याकडे बहुधा दुर्लक्ष होई. दोन्ही समाज एकाच देशात, शेजारशेजारी. पण एका मुलाला 'तुझा राग दखल घेण्याजोगा आहे' असे कळते आणि दुसऱ्याला 'तुझा राग अयोग्य आहे' असे.

यावरून तमांग मुलांना धम्माने शांत केले असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नेपाळच्या १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने तमांगांना गुलाम करता येण्याजोग्या जातींत घातले होते. पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिलेला समाज मुलाला राग गिळायला शिकवितो, कारण राग दाखविणे त्याला परवडत नाही. मग या मुलांची शांतता कोठून आली? मैत्रीतून की भयातून? दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. मान खाली घालून 'जी, मालक' म्हणणाऱ्या माणसालाही जुन्या गावगाड्यात 'शांत स्वभावाचा' म्हटले जाई.

हिरी आणि लादलेली लाज

येथे पालि विचारातील एक मौलिक भेद उपयोगी पडतो. 'हिरी' आणि 'ओत्तप्प' यांना अङ्गुत्तर निकायात जगाचे रक्षण करणारे दोन शुक्ल धर्म म्हटले आहे. हिरी म्हणजे स्वतःच्या आदरातून वाटणारी दुष्कृत्याची लाज. ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांचा आणि सुज्ञांच्या निंदेचा धाक. दोन्हींचा संबंध कर्माशी आहे. केलेल्या किंवा करावयाच्या कृतीची लाज, ही हिरी. आपल्या जन्माची, वर्णाची, आडनावाची, बोलीची लाज ही हिरी नव्हेच. ती दुसऱ्याने आपल्या मनात ठेवलेली वस्तू आहे.

थेरगाथेतील सुनीत थेरांची गाथा या दृष्टीने वाचावी. ते फुलांचा केरकचरा काढणारे. लोक त्यांची घृणा करीत, आणि ते स्वतः आपले मन नीच करून अनेकांना वंदन करीत असत, असे ते सांगतात. 'मन नीच करणे' हे शब्द लक्षात घ्यावेत. अपमान बाहेर थांबत नाही, तो मनाची ठेवण बनतो, हे एका सफाई करणाऱ्या भिक्षूने स्वतःच्या अनुभवाने नोंदविले. तथागतांनी त्यांना भिक्षू म्हणून हाक मारली, तीच त्यांची उपसंपदा झाली. नवी ओळख मिळाली आणि मनाची ठेवण पालटली.

अभ्यासकाने येथे आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. धम्मसङ्गणीवरील 'अट्ठसालिनी' या अट्ठकथेत हिरी कशी उपजते याची कारणे देताना स्वतःच्या उच्च जातीचा विचार हेही एक कारण दिले आहे. पाप हे कोळ्यांसारख्या हीन जातीच्या लोकांचे काम, असा तो विचार. मूळ सुत्तांतील कर्मप्रधान दृष्टी आणि हे स्पष्टीकरण यांत उघड विसंगती आहे. अट्ठकथाकारांच्या काळची समाजरचना अशी ग्रंथात शिरली. एवढ्या व्यासंगी परंपरेतही संस्कृती नकळत शिरते, तर आपल्या घरात ती शिरत नसेल असे कोणी समजू नये.

लादलेल्या लाजेचा मुलाच्या बुद्धीवरही परिणाम होतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहाशेहून अधिक शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च समजल्या जाणाऱ्या आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष नाव आणि जात उच्चारली गेली तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मूल तेच, कोडे तेच. वर्गात जातीचे दाखले आणि शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने या प्रयोगाचा विचार करावा. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने बाहुल्यांच्या साहाय्याने असाच अभ्यास केला होता; अनेक कृष्णवर्णीय मुले गोऱ्या बाहुलीला चांगली म्हणत. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद अवैध ठरविला, तेव्हा मुलांच्या मनात निर्माण होणाऱ्या न्यूनत्वाच्या भावनेचा विचार त्या निकालात झाला होता.

१९५६ नंतरचा पाळणा

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे राजकीय आणि सामाजिक परिणाम पुष्कळ अभ्यासिले गेले. बालकाच्या भावविश्वात तिने काय बदल केला, याचा अभ्यास व्हावयाचा आहे. नागपूर वर्ध्यापासून लांब नाही. या जिल्ह्यातील कित्येक घरांतील आजी-आजोबा दीक्षाभूमीवर गेलेले होते. त्यांनी परत आल्यावर नातवंडांना काय दिले?

प्रथम नाव दिले. दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवण्याची प्रथा अनेक जातींत होती. परंतु अस्पृश्य गणलेल्या घरांत या नावाला गाव 'या' जोडी आणि साठ वर्षांचा माणूसही 'धोंड्या' राही. दिवसातून पन्नास वेळा ऐकू येणारी हाक हा मुलाच्या कानावर होणारा पहिला संस्कार असतो. धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, करुणा ही नावे घराघरांत आली. 'प्रज्ञा' म्हणून रोज हाक ऐकणाऱ्या मुलीला ओळख मिळते. तिच्या सञ्ञेची जागा आधीच बदललेली असते. पाळण्यातही भीमाचे आणि बुद्धाचे नाव आले. झोपेच्या उंबरठ्यावर ऐकलेले सूर मनात खोल जातात, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

प्रश्न सणांचा आला. आपल्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात, घरोघर जातात, बोजारा मिळवितात. सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा तर पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो पाहिला की महातण्हासङ्खय सुत्तातील खेळण्यांच्या नांगराची आणि गाडीची आठवण होते. बौद्ध घरातील मुलाने त्यात जावे की नाही, यावर आपल्यांत मतभेद आहेत. मोठ्यांच्या पोळ्यात मानाची जोडी कोणाची, तोरणाखाली पुढे कोण आणि मागे कोण, यांतून गावाची उतरंड मुलाला दिसते, हा आक्षेप खरा आहे. बैलाच्या श्रमाविषयीची कृतज्ञता हा संस्कार मात्र धम्माशी विसंगत नाही. माझे मत असे की, सण टाळावयाचा असेल तर मुलाला त्याचे कारण समजेल अशा शब्दांत सांगावे आणि त्या दिवशीचा त्याचा आनंद अन्य मार्गाने भरून द्यावा. नुसते 'आपण जायचे नाही' एवढेच ऐकलेले मूल दारात उभे राहून दुसऱ्यांचे बैल पाहाते, आणि त्याच्या मनात विवेकाऐवजी वंचितपणा रुजतो.

राहुलाची शाळा

मुलाला कसे शिकवावे याचा वस्तुपाठ अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात आहे. अट्ठकथेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. त्याने तथागतांना पाय धुण्यासाठी पाणी दिले. तथागतांनी भांड्यात थोडे पाणी उरू दिले, मग ते फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले, आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व कसे तसेच उरते ते सांगितले. समोरच्या भांड्यातून मुलाला नीती कळली. पुढे आरसा आला. आरसा कशासाठी, असा प्रश्न. पाहण्यासाठी, असे राहुलाचे उत्तर. तसेच कृतीपूर्वी, कृती चालू असताना आणि कृतीनंतर पाहावे : याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय? चूक आढळली तर ती शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सोबत्यापुढे उघड करावी. चांगले आढळले तर त्या आनंदात राहावे. लाज येथेही आहे. पण ती कृतीची आहे, मुलाची नाही. आणि लाजेइतकेच आनंदालाही स्थान आहे.

महाराहुलोवाद सुत्तात हाच राहुल मोठा झाला आहे. तेथे भावनांचा उपचार भावनेनेच सांगितला आहे. मैत्री वाढविली की द्वेष सरतो, करुणा वाढविली की हिंसावृत्ती, मुदिता वाढविली की असमाधान, उपेक्षा वाढविली की प्रतिघ. राग दाबून टाक, असे तेथे सांगितलेले नाही. त्याच्या जागी काय वाढवायचे ते सांगितले आहे. अन्यायाने संतापलेल्या आपल्या मुलांना हा मार्ग दाखविणे अगत्याचे आहे. 'गप्प बस' म्हटल्याने राग भयात बदलतो आणि चिथावणीने तो द्वेषात बदलतो. अन्याय ओळखणारी दृष्टी राखून रागाचे रूपांतर वीर्यात, म्हणजे उद्योगशीलतेत आणि अभ्यासात करणे, हे बाबासाहेबांच्या जीवनाने करून दाखविले आहे.

राहुलाच्या प्रव्रज्येच्या वेळचा एक प्रसंगही विसरता येत नाही. नातू गेल्यावर वृद्ध शुद्धोदनाने आपले दुःख तथागतांपुढे बोलून दाखविले आणि यापुढे मातापित्यांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती केली. तथागतांनी तसा नियमच केला. एका आजोबाच्या शोकातून विनयाचा नियम जन्मला. दुःख बोलून दाखविणे ही दुर्बलता नव्हे, हे आपल्या परंपरेत इतके स्पष्ट आहे.

आपल्या घरांकडे पाहताना

तरीही आपण मुलाला काय म्हणतो? 'पोट्टा असून रडतं कायले?' हे वाक्य वर्ध्यापासून आर्वीपर्यंत आणि देवळीपासून समुद्रपूरपर्यंत सर्व जातींच्या अंगणांत ऐकू येते, बौद्धांच्याही. २००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. कापसाच्या या मुलखात कित्येक घरांतील मुलांनी बापाचा मृत्यू पाहिला आणि त्यांना त्याच आठवड्यात 'आता तूच घरचा कर्ता' असे सांगण्यात आले. ज्या मुलाला रडण्याची मुभा नसते तो पुढे मदत मागावयासही शिकत नाही. मुलग्यांना अश्रू नाकारणारी रीत मोठेपणी किती महाग पडते, याचा विचार या जिल्ह्याने तरी करावा. मुलींना रडू दिले जाते, पण रागावू दिले जात नाही. तोही एक संस्कारच आहे.

सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पापापासून परावृत्त करणे, कल्याणात स्थिर करणे, शिल्प शिकविणे, अनुरूप विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा सोपविणे. मुलाला मारझोड करून परावृत्त करावे असे तेथे म्हटलेले नाही. शाळेत सन्मान मागणारा बाप घरी मुलाला त्याच जातिवाचक शिव्यांच्या धाटणीत बोलत असेल, तर मसूरचा तो पालटलेला चेहरा आपण आपल्या घरात आणला असे होईल.

विहारांनीही आत्मपरीक्षण करावे. त्रिशरण-पंचशील मुलांना पाठ असते. अर्थ क्वचितच विचारला जातो. गतवर्षी वर्षावासात हिंगणघाटकडील एका लहान गावाच्या विहारात मी मुलांना मेत्ता म्हणजे काय, असे विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग दहा-अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "बाबूले कडेवर घेतलं का हात दुखते, पण खाली ठेवू वाटत नाही. थे मेत्ता." तिची आई कापूस वेचायला जात होती आणि धाकटा भाऊ दिवसभर हिच्या कडेवर असे. मेत्तसुत्तात एकुलत्या एका पुत्राचे रक्षण करणाऱ्या मातेची उपमा आहे. त्या मुलीने ती उपमा ऐकली नव्हती. तिचा अर्थ मात्र तिला दुखणाऱ्या हातातून कळला होता. शिकविणाऱ्याचे काम एवढेच उरले होते की, 'हेच शेजारच्या घरातील बाळाविषयी, दुसऱ्या मोहल्ल्यातील बाळाविषयी वाटेल काय?' असे विचारावे. मी ते विचारले. तिने लगेच हो म्हटले नाही, विचार करून म्हणाली, "वाटीन, पण पयले थे घेऊ द्याले पायजे."

त्या उत्तराने मी निरुत्तर झालो. श्रावस्तीच्या वाटेवरील मुलांना आपल्या दुःखातून माशाच्या दुःखाकडे जाता आले, कारण मध्ये कोणी भिंत घातलेली नव्हती. आमच्या मुलीला शेजारचे बाळ कडेवर घेता यावे, यासाठी तिच्या मनाची मशागत करणे हे आई-वडिलांचे आणि विहाराचे काम आहे. आणि ते बाळ तिच्या हाती देणारी आई पलीकडच्या मोहल्ल्यात घडणे, हे साऱ्या गावाचे काम आहे.